मेथी न घातलेला डोंगर

हे मी कोणालाच सांगितलं नाही. पोरीलाही नाही. तुम्हाला सांगते.

आमचे हे स्टील प्लांटात मालगाडीचं इंजिन चालवत. रिटायर झाल्यावर कॉलनीतल्या सेक्टर दोनच्या घरात त्यांनी प्लायवूडवर छोटी रेल्वे मांडली — रूळ, सिग्नल, बोगदा. डोंगर तेवढा जमेना. थर्मोकोलवर स्प्रेचा रंग मारला तर ते विरघळलं. प्लास्टरच्या वजनानं प्लायवूड वाकलं. मग एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"अवं, तुमी बाया टोपल्याले कागदाचा लगदा लावता, त्यात काय टाकता?"

चाळीस वर्षांत मला विचारलेली ही पहिली गोष्ट. एरवी मित्रांपुढे म्हणत, "तिले काय पुसता? चवथी पास हाये."

लगद्यात वाटलेली मेथी लागते, नाहीतर कीड लागते. आमच्याकडे लहान पोरीलाही हे माहीत. मी काय म्हणाले? — "कणकेची खळ. बस."

"आनखी काही?"

"नाही."

का? वाटलं, पडू दे एकदा तोंडावर, मित्रांसमोर. एवढंच.

मग आठ दिवस दोघांनी मिळून कागद कुटला, जाळीवर लगदा थापला. माझ्या गालाला लागलेला लगदा ते आपल्या बाहीनं पुसत. लग्नानंतर इतकं जवळ कधी बसलो होतो? त्या आठ दिवसांत कधीही सांगता आलं असतं. मेथी डब्यात होती — डब्यातच राहिली.

डोंगर झाला. मित्र बघायला आले. हे म्हणाले, "मटेरियल आमच्या मिसेसचं हाये बरं!"

"भाभी, टोपल्या सोडा, प्लांटात लागा आता," एक जण म्हणाला. सगळे हसले. हे सगळ्यात जास्त. मी चहाचा ट्रे धरून उभी — आता कशी सांगणार?

पावसाळ्यात किडीनं डोंगर आतून पोखरला. एका सकाळी बोगदा गाडीवर बसला. बोटानं दाबलं तर नुसता भुसा, आणि अळ्या. मित्रांनी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "हिनं बरोबर सांगितलं होतं. माह्याच हातानं बिघडलं."

मी तिथंच होते. ऐकलं.

त्यांनी रूळ उचकटले. पुन्हा कशाला हात लावला नाही. दोन वर्षांनी गेले — आपलंच चुकलं असं समजून.

मी ते मुद्दाम केलं होतं.