साहेबांच्या गेटवरचा कंदील

आमच्या घरात दर दिवाळीला एक गोष्ट सांगितली जायची. मी सरकारी नोकरी सोडून प्रायव्हेट कंपनीत गेलो त्या वर्षी माझ्या बायकोनं साहेबांसाठी हातानं आकाशकंदील केला, आणि साहेबांना तो इतका आवडला की त्यांनी तो आपल्या कोठीच्या, म्हणजे बंगल्याच्या, गेटवरच लावला. मुलगी ही गोष्ट सासरी सांगायची. जावई ऑफिसात सांगायचे. बायको सांगायची नाही, पण कुणी सांगायला लागलं की हातातलं काम थांबवून ऐकायची.

ही गोष्ट खोटी आहे. ती मी रचली. आता वय झालं, बसवत नाही, झोपवत नाही, म्हणून खरं काय ते लिहून टाकतो.

आम्ही आधी दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. शेजारी तमिळ, समोर बंगाली, वरच्या मजल्यावर नागपूरचं मराठी कुटुंब. दिवाळीचा फराळ बायका मिळून करत आणि ताटं जिन्यात वरखाली फिरत. मग ते दिवस आले, जेव्हा जो तो म्हणत होता की सरकारी नोकरीत आता काही राहिलं नाही. मलाही तसंच वाटलं. ओखल्याच्या एका कंपनीत मॅनेजर झालो, क्वार्टर सोडलं आणि यमुनेपलीकडे नोएडात फ्लॅट घेतला. तेव्हाचं नोएडा म्हणजे आकडे लावलेले सेक्टर, वाळूचे ढीग आणि मधूनमधून जाणारी वीज. मी सकाळी पुलावरच्या गर्दीत शिरायचो तो दिवेलागणीनंतर परतायचो. मुलगी शाळेत. बायको त्या नव्या, रंगाचा वास येणाऱ्या घरात एकटी.

तिनं पुण्याला चित्रकलेचा डिप्लोमा करायला घेतला होता. शेवटचं वर्ष राहिलं आणि लग्न झालं. त्यानंतर इतक्या वर्षांत हातात ब्रश धरलेला मी पाहिला नव्हता. नोएडात पहिल्या दसऱ्यानंतर एकदा घरी आलो तर बैठकीत पसारा. क्वार्टरच्या व्हरांड्यातून आणलेली जुनी चिक, म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा, तिनं उसवली होती आणि तिच्या काड्या चाकूनं तासून कामट्या करत होती.

"हे काय?"

"कंदील करतेय. तुमच्या साहेबांना."

"साहेबांना? अगं, तिथे लोक काय काय देतात माहितीये का?"

"तेच तर. ड्रायफ्रूटचे डबे सगळेच देतात. हा कुणी देईल का?"

दिल्लीत पंधरा ऑगस्टला पतंग उडवतात, त्यानंतर दुकानात उरलेला पातळ कागद तिनं शोधून आणला. मैद्याची खळ शिजवली. कामट्या दोऱ्यानं बांधून चांदणी केली, पाच टोकांची, आणि प्रत्येक टोकाला झिरमिळ्या. आत बल्ब लावून बघताना ती मुलीपेक्षा लहान दिसत होती. हे मी तेव्हाही पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं असं म्हणता येणार नाही.

साहेबांची कोठी दक्षिण दिल्लीत. गेटबाहेर गाड्यांची रांग. लोक हातात चांदीची ताटं, परदेशी काचसामान, सेलोफेनमध्ये बांधलेल्या मोठाल्या टोपल्या घेऊन आत जात होते. मी चांदणी छातीशी धरून उभा. कागद फाटू नये म्हणून तिरका चालत आत गेलो. साहेबांच्या पत्नीनं बघितलं आणि त्या मनापासून हसल्या. "अरे, ये तो क्रिसमसवाला स्टार है ना? अभी से?"

आमच्याकडे दिवाळीत दारावर हाच लावतात, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. मराठी माणसाला यात अवघड काय? पण मागे लोक उभे होते, बाजूला साहेब होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "जी, वो बच्ची ने स्कूल में बनाया है."

"सो स्वीट!" त्या म्हणाल्या. नोकरानं तो कंदील टोपल्यांच्या मागे कुठेतरी ठेवला.

घरी आलो तर बायको दारातच. नखांत अजून खळ होती.

"लावला का त्यांनी?"

"लगेच. गेटवरच."

"गेटवर? अय्या! मॅडम काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, ऐसा तो हमने कभी देखा ही नहीं."

हे तर खरंच होतं, असं मी मनाशी म्हणालो.

त्या एका थापेनं तिला पंख फुटले. पुढच्या वर्षी तिनं गणपतीपासूनच सुरुवात केली. एक कला धरावी, ती जमली की दुसरी. खणाचे तुकडे आले, मग रंगवायला काचेच्या बाटल्या आल्या, मग क्रोशाचा धागा आला. दुपारी वीज गेली की बाल्कनीत बसून करायची. मला पसाऱ्याचा त्रास होतो म्हणून मी यायच्या आत सगळं उचलून ठेवायची. दिवाळीच्या आदल्या दिवशी ब्राऊन पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधून माझ्या हातात द्यायची. "सांभाळून हं. गाडीत आडवं ठेवू नका."

मी ते घेऊन निघायचो, वाटेत ड्रायफ्रूटचा डबा घ्यायचो, तो कोठीवर द्यायचो. बायकोचं पार्सल ऑफिसातल्या माझ्या लोखंडी कपाटात खालच्या खणात जायचं. घरी येऊन मॅडमची नवी वाक्यं सांगायचो. दर वर्षी असंच. मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडलं? ती खूश आहे.

बिघडलं ते नंतर. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनात दिवाळीआधी काही मराठी बायका टेबलं मांडून हातच्या वस्तू विकायच्या. बायकोनं ते पाहिलं. त्या संध्याकाळी तिनं मला चहासुद्धा नीट पिऊ दिला नाही.

"मी एक टेबल लावू का?"

"लाव की."

"आणि मॅडमना बोलवा ना उद्घाटनाला! नुसत्या पाच मिनिटांसाठी. त्या आल्या तर बाकीच्या बायका बघतच राहतील. बोलवाल ना?"

मॅडम येणं शक्य नव्हतं. त्या आल्या नाहीत तर ही एखाद्या दिवशी स्वतः फोन करणार, हेही दिसत होतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "मॅनेजरची बायको टेबल लावून बसणार? लोक काय म्हणतील? कंपनीत मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. त्या वर्षी पार्सल झालं नाही. नंतरही झालं नाही. धागे, कापडं, ब्रश एका पत्र्याच्या डब्यात गेले. तिनं सोसायटीतल्या मुलांच्या शिकवण्या सुरू केल्या, गणिताच्या. कंपनीनं ऑफिस गुडगावच्या काचेच्या इमारतीत हलवलं तेव्हा जुनी कपाटं तिथेच राहिली. खालच्या खणाची मला आठवण झाली, पण मी गेलो नाही. पुढे एकदा गेलो, तेव्हा त्या मजल्यावर दुसऱ्याच कुणाचं गोदाम होतं.

निवृत्त झाल्यावर माझं काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. पेपर वाचून होईना, फिरायला गेलो तर अर्ध्यातून परत. एका पावसाळ्यात तो पत्र्याचा डबा काढला आणि क्रोशाची सुई हातात घेतली. बायको म्हणाली, "तुम्ही? चलो, हे एक राहिलं होतं." पण ती शिकवायला बसली नाही. म्हणाली, "मला आता नाही जमत." मी आपलाच धडपडत राहिलो. क्रोशाचं वर्तुळ टोपीसारखं फुगलं. मातीच्या पणत्या तडकल्या. एक कागदी कमळ बऱ्यापैकी जमलं, तेव्हा मी घरभर ते हातात घेऊन फिरलो. या वयात इतका आनंद होतो याचं नवल वाटलं. पण एका पाकळीला किती वेळ लागतो तेही आता मला कळलं होतं. जे जे हाताला यायला लागलं, त्यानं त्या खालच्या खणातल्या वस्तूंचं वजन वाढायला लागलं. एक काम पुरं होण्याआधी मी दुसरं हातात घ्यायचो. थांबलो की तो खण समोर यायचा.

गेल्या दिवाळीआधी मुलगी गुडगावहून आली होती. मी बाल्कनीत चांदणी बांधत होतो.

"बाबा, ये वही है ना? आईचा तो गेटवाला?"

"त्याच पद्धतीचा."

"पण हे स्टिक्स वाकडे झालेत, यार. आईचा बिल्कुल परफेक्ट असणार. नाहीतर तो साहेब कशाला लावतोय?"

आत बायको चकल्या तळत होती. तिचा झारा थांबलेला मला ऐकू आला. ती ऐकत होती. नेहमीसारखी.

मुलगी गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"तो कंदील गेटवर कधी लागलाच नाही," मी म्हणालो.

"मग कुठे लावला होता? आत?"

"कुठेच नाही. त्यांना तो ख्रिसमसचा वाटला. आणि मी सांगितलं, मुलीनं शाळेत केलाय."

तिनं कढईतला घाणा काढला, निथळला, गॅस बंद केला. मग वळली.

"आणि नंतरची पार्सलं?"

"कोठीवर नेलीच नाहीत. ऑफिसच्या कपाटात ठेवली. ऑफिस हललं तेव्हा गेली."

"आणि सदनातलं ते टेबल..."

"त्याचसाठी मोडता घातला. मॅडमना तू बोलावलं असतंस म्हणून."

मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "पार्सलं उघडून बघितली होती?"

"नाही."

"एकही?"

"नाही."

"त्या बाईचं सोडा. पंजाबी बाई, तिला आपला कंदील काय कळणार? तुम्हाला तर कळत होता ना! आणि मुलीला काय ते तुम्ही सांगा. मी नाही सांगणार."

मी फोन केला. मुलगी आधी हसली, तिला गंमत वाटली. मग म्हणाली, "बाबा, मी ही स्टोरी किती जणांना सांगितलीये." आणि फोन ठेवला.

ती दिवाळी तशीच गेली. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. माझी वाकडी चांदणी दारावर लागली, पण ती मी लावली म्हणून. मी घरात येरझाऱ्या घालायचो, ती शांतपणे भाजी निवडायची. तुळशीच्या लग्नानंतर एका दुपारी मी गुंता झालेला धागा सोडवत बसलो होतो. ती समोरच्या खुर्चीत येऊन बसली.

"दुसऱ्या वर्षी फराळाची पेटी होती," ती म्हणाली. "पुठ्ठ्याची. बाहेरून खण, हिरवा, त्याला लाल काठ. आत कप्पे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी लक्ष्मीबाई नगरची आपली खिडकी रंगवली होती. कडुनिंबासकट."

मी कागद घ्यायला उठलो.

"बसा. आधी ऐका."

तिनं एकेक सांगितलं. बाटलीवरच्या मोरांचे डोळे कसे केले, क्रोशाच्या तोरणात एक चूक कशी मुद्दाम राहू दिली. शेवटचं पार्सल, टेबलाच्या आधीच्या वर्षीचं, तिथपर्यंत ती आली आणि उठली.

"त्यात काय होतं?" मी विचारलं.

"ते नाही सांगणार."

"का?"

"ते साहेबांसाठी नव्हतं. तुमच्यासाठी होतं. मला वाटलं होतं, गाडीत तरी उघडून बघाल."

ती गच्चीवरचे कपडे काढायला गेली. मी अजून तिला विचारतो. कधी सकाळी, कधी जेवताना. ती डाळ वाढते आणि दुसरंच काहीतरी बोलते.