अठ्ठ्याऐंशीचा आकडा

अमरावतीहून अकोल्याला जाणाऱ्या एसटीत माझ्या शेजारचे काका नाक दाबून बसले होते. कोरोनात घरोघरी आलेलं ऑक्सिजन मोजायचं यंत्र दुसऱ्या हाताच्या बोटाला, नजर आकड्यावर. धाप लागली की नाक सोडायचे, दम घेऊन परत धरायचे. बडनेऱ्यापर्यंत मी सोसलं, मग विचारलंच, "काका, तब्येत बरी आहे ना?"

"मले काय धाड भरली! पोरगा फौजेत हाय, लेहले. सून तिथंच बाळंत झाली परवा. नातीचा ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी. तिथले डॉक्टर म्हन्ते, एवढ्या उंचावर इतका चालते, लेकरू बरं हाय. आमच्या गावचा कंपाउंडर म्हन्ते, एवढा कमी असन तर पयले दवाखान्यात न्या. आता तुमीच सांगा, आकडा लेकराचा हाय का जागेचा?"

उंचावर हवा विरळ असते, असं काहीतरी मी पुटपुटलो. माझं मलाच पटलं नाही.

"म्हनून अठ्ठ्याऐंशीवर कसं वाटते, ते पाऊन राहिलो. पन सत्त्याण्णवच्या खाली उतरतच नाही." त्यांनी यंत्र माझ्या बोटाला लावलं. "तुमी करून पाहा बरं. तुमी शिकेल दिसता."

का कोण जाणे, मीही नाक दाबलं. छाती फुटायला आली, पण आकडा हलला नाही.

मूर्तिजापूरला उतरताना यंत्र खिशात टाकत ते म्हणाले, "दोन मोठे मानसं, दोघाईच्यानं झालं नाही. मंग ते एवढंसं लेकरू कसं करून राहिलं असन?"