सगळ्यात लहान जोडी

"हेल्मेट कुणालाही होतं. बूट मात्र ज्याचा त्यालाच."

मावशी हे येताजाता म्हणायची, आणि म्हणताना समोरच्याच्या तोंडाकडे नव्हे, पायांकडे बघायची. विद्यापीठाच्या इमारतीत, स्थापत्य आणि पर्यावरण अभियांत्रिकीच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या तिरक्या जागेत तिचं भांडार होतं. आत खिळ्यांवर पिवळी हेल्मेटं भोपळ्यांसारखी लटकायची. खाली लोखंडी रॅकवर जाड तळव्यांचे बूट, बोटांवर पोलादी पत्रा असलेले, टाचेवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले. धरणावर जायचं असो, जलशुद्धीकरण केंद्रावर जायचं असो की नदीच्या पाण्याचे नमुने घ्यायचे असोत, मावशीच्या खिडकीवरून बूट घालून गेल्याशिवाय कुणाला बसमध्ये चढता येत नसे.

तरुणपणी ती चपलाबुटांच्या दुकानात होती. पाय बघून नंबर सांगायची, तो चुकत नसे. पोरं मुद्दाम विचारायची, "मावशी, माझा नंबर सांगा बघू."

"तुला बूट नको रे बाबा, तुला होडी पाहिजे."

खिडकीशेजारीच विभागाचा फलक होता. कुठली कंपनी कधी येणार, काड्यांचा पूल बांधायची स्पर्धा कधी, सुट्टीतल्या प्रशिक्षणाला कोण घेतंय, सगळं तिथं डकवलेलं. पण फलक वाचणारे थोडे आणि मावशीचं ऐकणारे जास्त. जिन्यावरून लाजत उतरणाऱ्या पोराला ती हाक मारून थांबवायची, "अरे, परवा पाणीवाले येतायत, तू जा. नुसता उभा राहिलास तरी चालेल, पण जा." असे किती जण तिच्या हाकेने गेले आणि तिथून पुढे कामाला लागले. तिला त्याचा अभिमान होता. आणि त्याहून मोठा अभिमान तिच्या नियमाचा होता. खिडकीवर जो आधी येईल त्याला बूट. कुणासाठी काढून ठेवणं नाही. एकदा विभागप्रमुखांचा स्वतःचा मुलगा पुढे घुसला, तर तिने त्याला सरळ रांगेच्या शेपटाला उभं केलं होतं. सैल बूट घालूनही ती कुणाला पाठवत नसे. फार पूर्वी एक मुलगा सैल बुटातून निसटून खडीवर पडला, गुडघा कायमचा गेला. त्या दिवसापासून प्रत्येकाच्या बुटाचं टोक ती अंगठ्याने दाबून बघायची आणि मगच म्हणायची, "जा."

एक अडचण होती. बूट विकत घेतले तेव्हा या विभागात मुली नव्हत्याच. सगळ्यात लहान नंबरची जोडी एकच. मावशीने कितीदा मागणी केली, पण विभागप्रमुखांनी "बघू" म्हणण्यापलीकडे काही केलं नाही.

ती जोडी दोघींना बसायची. एक मुंगी. हे नाव तिला वर्गाने ठेवलं होतं, कारण ती अंगाने एवढीशी आणि हातात कायम स्वतःहून मोठं काहीतरी उचललेलं. दुसरी मावशीची भाची, याच विभागात शिकणारी. या भाचीच्या बापाने, म्हणजे मावशीच्या भावाने, वाईट दिवसांत मावशीला आणि तिच्या मुलांना आपल्या घरात ठेवून घेतलं होतं, आणि त्याबद्दल आयुष्यात कधी चकार शब्द काढला नव्हता. यंदा मात्र तो फोनवर म्हणाला होता, "ताई, पोरगी सगळीकडून रिकाम्या हाताने परत येतेय. जरा लक्ष दे गं."

त्या वर्षी फलकावर बोगद्याची भेट लागली. डोंगराच्या पोटातून शहराला पाणी आणणारा बोगदा खणणं चालू होतं. तिथल्या मुख्य इंजिनिअर एक बाई होत्या, सगळे त्यांना बोगदेबाई म्हणायचे. भेटीला आलेल्यांतून एकदोघांना त्या सुट्टीत कामावर शिकायला घेत. परीक्षा नाही, मुलाखत नाही. आत कोण कसं चालतं, काय विचारतं, एवढंच बघायच्या.

मुंगीने त्या बोगद्याचा ध्यास घेतला होता. खिडकीच्या फळीवर हनुवटी टेकून ती मावशीला सांगायची, "मावशी, खडकातून पाणी पाझरतं ना, ते आत कसं अडवतात ते मला डोळ्यांनी बघायचंय. पुस्तकातलं चित्र बघून बघून फाटलं."

"बघशील. सकाळी लवकर ये म्हणजे झालं."

आदल्या संध्याकाळी भाची आली. "आत्या, ते छोटे बूट माझ्यासाठी ठेव ना. मला पहाटे उठवत नाही."

"ठेवता येत नाहीत, तुला माहीत आहे."

"अगं, मी काय परकी आहे का?"

मावशीने किल्ल्यांचा जुडगा उचलला. पण कुलूप लावण्याआधी तिने ती जोडी रॅकवरून उचलली आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या गोणपाटाखाली सारली. कुणी बघत नव्हतं. तरी तिने मागे वळून पाहिलं.

सकाळी ती आली तर मुंगी दारातच बसलेली. ओढणी कमरेला बांधून तयार.

"मावशी, माझे बूट."

"लहान जोडी काल संध्याकाळीच गेली गं," मावशी म्हणाली. वाक्य तोंडातून इतकं सहज निघालं की तिचं तिलाच नवल वाटलं.

मुंगीचा चेहरा उतरला. "मग मोठे द्या. कागद कोंबते."

"सैल बुटात मी कुणाला पाठवत नाही."

"हो, ते माहीत आहे." तिने कमरेच्या ओढणीची गाठ सोडली. मग स्वतःच म्हणाली, "तुम्ही नाही म्हणालात म्हणजे नसणारच."

आणि घरी जायचं सोडून ती आत आली. रांगेतल्या एकेकाला हेल्मेट पुसून देत राहिली. गोणपाट तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होतं. मावशी वाकून बुटांची टोकं दाबत होती आणि तिला वर बघवत नव्हतं. उरलेली हेल्मेटं घेऊन मुंगी बसकडे गेली, तेवढ्यात ओल्या केसांनी भाची धावत मागच्या दाराने आली, मावशीने गोणपाटाखालून काढून दिलेले बूट चढवले आणि गर्दीतून बसमध्ये शिरली. बस निघाली. मुंगीने सगळ्यांना हात केला.

संध्याकाळी भाची नाचतच परतली. "आत्या, मला घेतलं! पुढे चिखल होता, बाकीचे कडेला थांबले. माझे बूट इतके घट्ट बसले होते की भीतीच वाटली नाही. मी बाईंच्या मागोमाग थेट टोकापर्यंत गेले."

"छान झालं," मावशी म्हणाली. तिने भावाला फोन केला. भाऊ बोलताना रडला. फोन ठेवल्यावर ती नळाखाली बूट धूत बसली. तळव्याच्या खाचांत राखाडी चिखल रुतला होता. काडीने टोकरून काढला तरी पाणी गढूळच येत राहिलं.

दुसऱ्या दिवशी मुंगी खिडकीवर. "मावशी, ते बूट कोणी नेले होते? तिलाच विचारते, आत पाणी कसं अडवलंय."

"आठवत नाही गं."

"तुम्हाला?" मुंगी हसली. "तुम्हाला तर दहा वर्षांपूर्वीचे पाय आठवतात."

त्यानंतर मावशीचं काही नीट होईना. एका पोराला तिने दोन डाव्या पायांचे बूट दिले. दुसऱ्याचा नंबर चुकला. पोरांना गंमत वाटली. "मावशीचे डोळे गेले, आता चष्मा!" डोळ्यांना काही झालं नव्हतं. पायांकडे बघायचीच तिला चोरी झाली होती.

पुढच्या आठवड्यात बोगदेबाई विभागात व्याख्यानाला आल्या. व्याख्यान संपून त्या जिना उतरत असताना मावशी खिडकी सोडून आडवी आली आणि सगळं सांगून टाकलं. गोणपाटापर्यंत.

बाईंनी ऐकून घेतलं. "तुमच्या भाचीला मी चालताना बघून घेतलंय. तिला आता काढणार नाही."

"काढू नका. तिच्यापायी मी दुसरीला परत पाठवलं, हे तिला ठाऊक नव्हतं."

"आणि दुसरीला जागा उरलेली नाही."

"जागा नको. तिला एकदा आत चालू द्या. तुम्ही बघा. मग तुम्ही ठरवा."

बाईंनी वही उघडून दिवस बघितला. "शनिवारी सकाळी, फाटकावर. मी वचन देत नाही."

मुंगीला सांगणं त्याहून कठीण गेलं. मावशीने तिला भांडारात बोलावलं, गोणपाट उचलून दाखवलं. "इथं होते. माझ्या भाचीसाठी."

मुंगी गोणपाटाकडे बघत राहिली. "मी इथंच उभी होते," ती म्हणाली. "इथंच हेल्मेटं पुसत होते, मावशी."

"हो."

"मला राग याचा नाही की तिला दिले. सरळ सांगितलं असतंत, भाचीला देतेय, तर मी चिडले असते आणि विसरले असते." ती वळली. जाताना दारात थांबून म्हणाली, "शनिवारी येते मी. तुमच्यासाठी नाही."

भाचीलाही तिने सांगितलं. भाची लाल झाली. "मग आता मी कुणाला तोंड दाखवू? आधी सांगायचं होतंस, मी झक मारत पहाटे उठले असते!" चार दिवस ती आत्याशी बोलली नाही.

शनिवारी मावशी आणि मुंगी शेवटच्या थांब्यावर उतरल्या आणि डोंगराच्या पायथ्याकडे चालत गेल्या. वाटेत मुंगी दहा पावलं पुढेच राहिली. फाटकावर पहारेकऱ्याने आधी मुंगीच्या पायांतली ती लहान जोडी पाहिली, मग मावशीचे पाय. मावशीच्या पायात रोजच्या झिजलेल्या चपला.

"या आत जातील. तुम्ही नाही, मावशी. बूट नाहीत."

"बरोबर आहे," मावशी म्हणाली.

मुंगीने नाडी बांधली. मावशी सवयीने वाकली, अंगठा पुढे केला. मुंगीने पाय मागे घेतला.

"मी बघते माझं मी."

तिने स्वतःच्या अंगठ्याने टोक दाबून पाहिलं. अगदी मावशी दाबायची तसंच.

आतून बोगदेबाईंची हाक आली. मावशी सरळ उभी राहिली. "जा" म्हणायची सवय ओठांवर आली होती, ती तिने गिळली. मग वळून ती थांब्याच्या रस्त्याला लागली. ट्रकांच्या चाकांनी उडवलेली धूळ तिच्या चपलांवर बसत होती, आणि ती नेहमीपेक्षा सावकाश चालत होती, जणू पायातलं तिच्या नंबरचं नसावं.

पहारेकरी म्हणाला, "पोरी, बाई वाट बघतायत. जा ना आत."

"जाते," मुंगी म्हणाली. पण मावशी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकाच्या दांडीला हात लावून उभीच राहिली.