जरदोजीची झूल आणि चाँदनीची बेंबी

वासराला आडवं करून पाय नीट धरा, असं मी सांगत होते आणि सक्सेनाजी झुलीची घडी घालत होते. घडी तिरकी झाली की उलगडून पुन्हा घालत होते. वासरू तापानं फणफणलं होतं. झुलीची तब्येत मात्र उत्तम होती, निदान वरून तरी.

सक्सेनाजी लखनौलगतच्या चिनहटमधल्या एका गोशाळेचे अध्यक्ष होते. मोठ्या सरकारी हुद्द्यावरून रिटायर झालेले. खुर्ची सुटली होती, पण समारंभ सुटले नव्हते. मी जनावरांची डॉक्टर. शिकले परभणीला, नवऱ्याच्या नोकरीपायी लखनौला आले, तिथल्या महानगर नावाच्या वस्तीत घर केलं आणि तिथूनच प्रॅक्टिस सुरू केली. मोबाइलमध्ये नुकतेच कॅमेरे आले होते, तेव्हाची ही गोष्ट. कॅमेऱ्यांचा या दुखण्याशी जवळचा संबंध आहे.

वासराचं नाव चाँदनी. जेमतेम दीड आठवड्याची कालवड. दूध सोडलं होतं, पाठीची कमान करून उभी राहत होती आणि बेंबीला संत्र्याएवढा फुगवटा आला होता. बेंबी सुजली म्हणून लगेच सुरी चालवायची नसते. तो हर्निया असू शकतो, म्हणजे पोटाच्या भिंतीत फट राहून आतडं बाहेर डोकावतं. ते कापलं तर डॉक्टरला गाव सोडावं लागतं. साधा हर्निया दाबला की आत जातो आणि हाताला गरम लागत नाही. चाँदनीचा फुगवटा तापलेला होता, आत जात नव्हता आणि हात लावला की ती लाथ मारायची. तरी खात्रीसाठी मी सुई घालून पाहिली. सिरिंजमध्ये पिवळा, दाट पू आला. गळू होतं.

वासरू जन्मलं की त्याची तुटलेली नाळ काही दिवस ओली असते. तेवढे दिवस ते आतल्या घराचं उघडं दार असतं. तिथून जंतू शिरले तर बेंबी पिकते. तिथेच थांबले तर नशीब. पुढे ते यकृतात जातात, सांध्यांत जातात. चाँदनीच्या आधीचं वासरू असंच पिकलं होतं. मला उशिरा बोलावलं आणि त्याचे पुढचे गुडघे कायमचे आखडले. त्याच्याही आधी एक गेलं होतं. सक्सेनाजींच्या मते पहिलं हवेमुळे आणि दुसरं नजर लागल्यामुळे.

मी केस भादरले, जागा स्वच्छ केली, बधिर करायचं इंजेक्शन दिलं. गोठ्यावरच्या छोटेलालनं पाय धरले. गळू सगळ्यात खालच्या बाजूला कापायचं असतं, म्हणजे पू आपोआप वाहून जातो. पण आत दाब असतो, त्यामुळे सुरुवातीला तो कुठे उडेल ते सांगता येत नाही. मी सक्सेनाजींना माझ्या मागे यायला सांगितलं.

"यहाँ से फोटो अच्छी आएगी, डॉक्टर साहिबा," ते म्हणाले आणि बरोबर समोर बसले. छोटेलालच्या हाती मोबाइल द्यावा तर त्याचे दोन्ही हात अडकलेले. म्हणून ते स्वतःच स्वतःचा फोटो काढायच्या खटपटीत होते.

फोटो आला. अध्यक्षांच्या पांढऱ्या कुर्त्यावर, खिशापासून तिसऱ्या बटणापर्यंत, चाँदनीनं आपलं योगदान नोंदवलं. छोटेलालनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते.

मी जखम धुतली, पातळ केलेल्या आयोडीननं पुन्हा धुतली, आत औषधाची पट्टी सोडली. टाके घालायचे नसतात. दार बंद केलं तर पू परत आत कोंडतो. अँटिबायोटिक दिलं आणि सक्सेनाजींना म्हटलं की कुर्ता उकळत्या पाण्यातून काढा, हा पू दुसऱ्या वासरापर्यंत जाता कामा नये.

हे म्हणताना माझं लक्ष घडी घातलेल्या झुलीकडे गेलं.

या गोशाळेत प्रत्येक नवजात वासराचा सत्कार होत असे. तिसऱ्या दिवशी कोणी मुख्य अतिथी यायचे, वासराला झूल पांघरायचे, भाषण करायचे, वासराला उचलून फोटो काढायचे. आमच्याकडे पोळ्याला बैलावर झूल चढते, पण तो बैल असतो आणि संध्याकाळी ती उतरते. इथे झूल एकच होती. जुन्या लखनौतल्या चौक भागातल्या कारागिराकडून बनवलेली, तांबड्या मखमलीवर जरदोजीचं, म्हणजे सोनेरी-चंदेरी तारेचं भरतकाम. माप मोठ्या गाईचं. ती वासरावरून घसरू नये म्हणून तिचे बंद पोटाखाली आवळून गाठ मारायचे. गाठ बरोबर बेंबीवर. शिवाय पाहुणे मागाहूनही येत राहत, म्हणून झूल आठवडाभर उतरतच नसे.

मी घडी उलगडली. बंदांवर जिथे गाठ बसायची, तिथे कापड पापडासारखं कडक झालं होतं. त्यावर तीन रंगांचे डाग होते.

"ही कधी धुतली आहे?" मी हिंदीत विचारलं.

"जरदोजी धुलती है कहीं? तार काला पड़ जाएगा."

एकाच्या बेंबीतला पू दुसऱ्याच्या बेंबीला बांधला जात होता, तोही प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. मी हे शक्य तितक्या सभ्य शब्दांत समजावलं. जंतू सांगितले, ओली नाळ सांगितली, आयोडीन सांगितलं. नाळ सुकून पडेपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, सत्कार थांबवा म्हटलं. सक्सेनाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंद्रह दिन का बछड़ा गोद में नहीं आता. फोटो कैसे होगी?"

मी म्हटलं, मग नुसती झूल बंद करा. यावर ते दुखावले. त्या झुलीला किती थोरांचे हात लागले आहेत, याची त्यांनी मला यादी ऐकवली. निवृत्त न्यायमूर्ती होते, कुलगुरू होते, एक निवडून न आलेले उमेदवारही होते. दोन गाई व्यायला आल्या होत्या. पुढचे पाहुणे ठरले होते. झूल हातात घेऊन सक्सेनाजी ऑफिसात गेले.

घरी येऊन मी चिडचिड केली. नवरा संशोधक आहे, त्यामुळे तो सहसा माझ्या बाजूनं बोलत नाही.

"तू त्यांना जंतू समजावतेस," तो म्हणाला. "त्यांना पाहुणे समजतात. पाहुण्यांचं काहीतरी बोल ना यार."

दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगला गेले तेव्हा चाँदनी आईला धडका देत दूध पीत होती. मी सक्सेनाजींकडे गेले आणि म्हटलं की मी रात्रभर त्या झुलीचा विचार करत होते. इतकी ऐतिहासिक वस्तू, इतक्या मान्यवरांचा स्पर्श झालेली, आणि आपण ती शेणामुतात लोळवतो. पुढची पिढी काय म्हणेल?

सक्सेनाजींनी चष्मा काढला.

"हमने इस दृष्टि से सोचा ही नहीं था," ते हळूच म्हणाले.

पहिली गाय व्यायच्या आत काचेचं कपाट आलं. आत दिवा, खाली पितळी पाटी, पाटीवर अध्यक्षांचं नाव झुलीच्या नावापेक्षा मोठं. ठरलेल्या पाहुण्यांनी त्या कपाटाचं लोकार्पण केलं आणि वीस मिनिटं भाषण केलं. नवीन वासराच्या गळ्यात झेंडूचा हार घातला होता. भाषण चालू असताना तो त्याच्या आईनं सावकाश खाऊन टाकला. हाराखालच्या वासराच्या नाळेला मी सकाळीच आयोडीन लावून ठेवलं होतं.

चाँदनीची जखम महिन्याभरात भरली. पुढे तिथल्या वासरांची बेंबी पिकल्याचं माझ्या तरी पाहण्यात आलं नाही. याचं श्रेय सक्सेनाजी त्या कपाटाला देतात, आणि मी ते खोडून काढत नाही. लोकांना त्यांची चूक पटवून देण्यापेक्षा तिला काच बसवून देणं कमी वेळात होतं.