नीलम्मा अक्कांची खुर्ची

माझ्यावर सर्वांत जास्त ऋण कुणाचं, असं विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी नीलम्मा अक्कांचं नाव घेईन. आईवडिलांना त्याचं वाईट वाटणार नाही. त्यांनी मला वाढवलं. पण अडलेल्या जागेवरून उठवलं ते संतपूरच्या ग्रंथालयातल्या नीलम्मा अक्कांनी.

आमचं ग्रंथालय म्हणजे पंचायतीच्या मागची एक खोली. पाच लोखंडी कपाटं, दोन बाकं आणि दाराकडे तोंड करून ठेवलेली अक्कांची लाकडी खुर्ची. आत येणाऱ्याला अक्का कधी "कोणतं पुस्तक पाहिजे?" असं विचारत नसत. चष्मा कपाळावर सरकवून विचारत, "कुठं अडलंय?"

मलाही त्यांनी तेच विचारलं. मी पीयूसीला, म्हणजे बारावीला, इंग्रजीत नापास झालो होतो. दहावीपर्यंत मराठी शाळा आणि पुढे एकदम कन्नड-इंग्रजीचं कॉलेज. आमच्या बिदरकडच्या सीमाभागातली पुष्कळ मुलं तिथंच आपटतात. बाबा डाळीच्या मिलमध्ये पोती उचलायचे. तिथं मलाही लावून घेणार होते. त्याआधी नोकरीच्या जाहिराती बघाव्यात म्हणून दुपारी ग्रंथालयात जाऊन बसलो.

"कुठं अडलंय?"

"कुठं न्हाई. पेपर वाचायलोय."

"दोन तास झालं एकच पान बगायलास. तेवढ्यात तर छापून झालं असतं ते. कुठं अडलंय?"

"इंग्रजीत."

"कितीनं?"

"अकरा मार्कांनी."

"यप्पा! अकरा मार्कासाठी एवढं तोंड पाडलास व्हय?" असं म्हणून त्या उठल्या आणि एकाच गोष्टीची तीन पातळ पुस्तकं माझ्यासमोर ठेवली. एक इंग्रजी, एक मराठी, एक कन्नड. "ही तीन भावंडं हायत. एक बोललं न्हाई तर दुसऱ्याला इचार."

पुरवणी परीक्षेपर्यंतचे तीन महिने मी रोज दुपारी त्यांच्यासमोर इंग्रजी मोठ्यानं वाचायचो. अक्कांचं शिक्षण कन्नड माध्यमातून दहावीपर्यंत. लग्न होऊन संतपूरला आल्यावर मराठी शिकल्या. "सासूच्या शिव्यातनं शिकले, म्हणून इसरत न्हाई," म्हणायच्या. मी इंग्रजी वाचून अर्थ सांगायचो, त्या कन्नड पुस्तकावर बोट ठेवून ऐकायच्या. माझा अर्थ चुकला की गोष्ट जुळायची नाही आणि बोट थांबायचं. "थांब. इथं म्हातारी मेली न्हाई अजून. तू कामून मारायलास तिला?" मी मागं जाऊन पुन्हा वाचायचो. "तुझी नापासाची, माझी दहावीची," त्या म्हणायच्या, "दोघांची मिळून एक इंग्रजी व्हईल की."

ती झाली. मी पास झालो, उदगीरला बी.ए. केलं आणि पुढे कलबुर्गीला ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतली. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. तो विषय का घेतला हे वेगळं सांगायला नको.

त्या पदवीच्या नशेत मी एक मूर्खपणा केला, तोही इथं सांगितला पाहिजे.

अक्कांच्या कपाटांची रचना मला पूर्वीपासून माहीत होती, पण शिकून आल्यावर तिची लाज वाटायला लागली. कॅलेंडरच्या पुठ्ठ्यांवर त्यांनी मराठी आणि कन्नडमध्ये पाट्या लिहिल्या होत्या: 'जनावर', 'अंगातलं दुखणं', 'कागदपत्रं', 'परीक्षा'. चरित्रं 'हिंमत खचली' या पाटीखाली. कादंबऱ्या दोन ठिकाणी, काही 'वेळ जात नाही' खाली आणि काही 'घरात भांडण' खाली. कोणती कुठं, हे फक्त अक्कांना ठाऊक. एका पाटीखाली मराठी, कन्नड, उर्दू, क्वचित तेलुगू पुस्तकं खांद्याला खांदा लावून उभी. "माणूस भाषेत अडत न्हाई," अक्का म्हणायच्या, "अडचणीत अडतंय."

बहिणीचं ऑपरेशन झालं म्हणून त्या पंधरा दिवस तिच्या गावी, निर्ण्याला गेल्या आणि किल्ली माझ्याकडे देऊन गेल्या. मी पुठ्ठे काढले, भाषेप्रमाणे कपाटं वेगळी केली, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर पांढरी चिठ्ठी लावून विषयाप्रमाणे दशांश पद्धतीचे क्रमांक घातले. बारा दिवस जेवायची शुद्ध नव्हती.

अक्का परत आल्या. पिशवी हातातच, सगळीकडे एक नजर फिरवली. "चांगलं दिसायलंय. बिदरच्या दवाखान्यावानी." मग बाकावर जाऊन बसल्या. "आता आठ दिवस खुर्चीत तू बस. मी वाचक."

दुसऱ्याच दिवशी मलप्पा काका आले. त्यांच्या म्हशीची कास सुजली होती. त्यांना फक्त मराठी वाचता येतं.

मी म्हणालो, "काका, मराठीच्या कपाटात सहाशे छत्तीस नंबर बघा. नसलं तर कन्नडच्या कपाटात सहाशे छत्तीस."

काका म्हणाले, "म्हशीला नंबर कवा दिला रे?"

त्यांनी दोन्ही कपाटांसमोर उभं राहून बघितलं, टोपी झटकली आणि निघून गेले. मी अक्कांकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "माझ्याकडं कामून बगायलास? मी वाचक हाय. वाचकाला काय कळतंय?"

काकांना जे पाहिजे होतं ते एक कन्नड पत्रक होतं, चित्रांचं. अक्का ते त्यांना मराठीत वाचून दाखवायच्या. मी ते 'किरकोळ' म्हणून गठ्ठ्यात बांधून कपाटावर टाकलं होतं. तासाभरानं मी स्टुलावर चढून गठ्ठा सोडला आणि पत्रक घेऊन सायकलवर काकांच्या गोठ्यात गेलो. वाचून दाखवलं. काका म्हणाले, "हे मघा कामून दिलं न्हाईस?" 

आठ दिवस पुरे व्हायच्या आत मी स्वतःच पुठ्ठे परत लावले. चिठ्ठ्या खरवडायला लागलो तर अक्कांनी हात धरला. "नंबर ऱ्हाऊ दे. नंबर साहेबासाठी, जागा माणसासाठी. दोन्ही ऱ्हाऊ दे."

त्याच वर्षी जिल्हा ग्रंथालयाच्या ऑफिसातून एक कागद आला. ग्रंथालयाच्या मेल्विचारकाकडे, म्हणजे सांभाळणाऱ्याकडे, ग्रंथालयशास्त्राचं प्रमाणपत्र असणं बंधनकारक. ज्यांच्याकडे नाही त्यांना मुदतीनंतर कार्यमुक्त करून त्या जागी गावातला पात्र उमेदवार घ्यावा. अक्कांकडे प्रमाणपत्र नव्हतं. आणि आख्ख्या संतपुरात पात्र उमेदवार एकच होता, मी.

ऑफिसातल्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. "तुमचंच नाव आहे. आठ दिवसांत होकार लिहून द्या." बाबांना कळलं तेव्हा त्यांनी मिलमध्ये सगळ्यांना गूळ वाटला. "माझ्या पाठीवर पोतं व्हतं, पोराच्या बुडाखाली खुर्ची आली," असं ते ज्याला त्याला सांगत होते. ती खुर्ची कुणाची, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं. मला मात्र तीच दिसत होती, दाराकडे तोंड केलेली.

मी अक्कांकडे गेलो. त्यांना आधीच कळलेलं होतं.

"पेढे कुठंयत?"

"अक्का, मी ही जागा घेऊ का?"

"घे की. कामून घेणार न्हाईस? शिकलास कशाला मग?"

"आन् तुमी?"

"मी इथंच बसणार. तू ऑर्डर घेऊन ये, येताना दुसरी खुर्ची आण. ह्या खुर्चीवरनं मला कोण उठवायलंय बगते."

"त्यापेक्षा प्रमाणपत्राचा कोर्स करा की, कलबुर्गीला. थोड्या महिन्यांचाच हाय."

हे ऐकल्यावर त्यांचा आवाज चढला. "चोवीस वर्षं ह्या हातानं पुस्तकं लावली. आता बावन्नाव्या वर्षी एखादं पोरगं मला शिकवणार, पुस्तक उभं ठेवायचं का आडवं? न्हाई. मला काम येतंय. ज्याला शंका हाय त्यानं इथं येऊन बसावं." तसं त्यांनी ऑफिसला खरंच लिहून कळवलं: परीक्षा घ्यायची असेल तर ग्रंथालयात येऊन घ्या, वाचक हजर आहेत. उत्तर आलं नाही.

अक्कांचं म्हणणं खरं होतं आणि तरीही त्यांची जागा जाणार होती. मी घेतली नाही तर बाहेरगावच्या कुणाला तरी मिळणार. समोरासमोर त्यांच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मी पाहिलं नव्हतं. शिवाय त्या नेहमी म्हणायच्या, "तोंडचं वाऱ्यावर जातंय, लिवलेलं कपाटात ऱ्हातंय." म्हणून त्या आठवड्यात मूळ प्रमाणपत्र आणायला कलबुर्गीला गेलो, तेव्हा तिथून त्यांना पत्र लिहिलं.

पुढं काय झालं ते आधी सांगतो.

मी जागा नाकारली. बाबा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. एक दिवस मिलमधून सुटल्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा ग्रंथालयात गेले. त्यांना वाचता येत नाही. अक्कांनी चष्मा कपाळावर सरकवला. "कुठं अडलंय?"

बाबा म्हणाले, "पोरात."

"बसा," अक्का म्हणाल्या. "ते पुस्तक मी वाचलंय."

काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही. पण बाबा घरी येऊन माझ्या शेजारी जेवायला बसले.

आणि अक्का कलबुर्गीला गेल्या. कोर्स पूर्ण करायच्या अटीवर त्यांची मुदत वाढवून मिळाली होती. वर्गात सगळ्यांत पुढच्या बाकावर बसायच्या. मुलं सुरुवातीला हसली. महिन्याभरात 'कुठं अडलंय' ऐकायला त्यांच्याच भोवती गोळा व्हायला लागली. शेवटी तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, "ग्रंथपालाला सर्वांत आधी काय यायला हवं?" वर्गीकरण, हे अपेक्षित उत्तर होतं आणि अक्कांना ते पाठ होतं.

"आधी इचारता यायला पायजे," अक्का म्हणाल्या. "मग गप बसून ऐकता यायला पायजे. नंबर तिसरा."

"असं पुस्तकात नाही, बाई."

"मग घाला की पुस्तकात."

त्या पास झाल्या. प्रमाणपत्र घेऊन गावी आल्या आणि ते 'कागदपत्रं' या पाटीखाली, रेशनकार्ड कसं काढावं आणि जातीचा दाखला कसा काढावा या दोन पुस्तिकांच्या मधोमध उभं केलं. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "हे फ्रेम करून भिंतीवर लावा." अक्का म्हणाल्या, "भिंतीला काय अडलंय त्याचं? तुमाला अडलं की काढून देते."

मला दोन वर्षांनी कलबुर्गीच्या एका कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी लागली. तिथं कपाटं क्रमांकानंच लावतो. फक्त माझी खुर्ची मी दाराकडे तोंड करून ठेवली आहे.

गेल्या महिन्यात संतपूरला गेलो होतो. 'हिंमत खचली' या पाटीखाली चरित्रांमध्ये एक पातळ पुठ्ठ्याचं पाकीट दिसलं. पाठीवर पांढरी चिठ्ठी, चिठ्ठीवर क्रमांक. आत माझं पत्र. कडा मळलेल्या, घड्यांवर चिकटपट्टी.

"अक्का, हे खासगी पत्र हाय!"

"लोकं घरी नेतेत, वाचतेत, परत आणून ठेवतेत. परवाच एक सून घेऊन गेली व्हती, तिला नर्सिंगचा फारम भरायचा हाय म्हणं."

"पण मी तुमाला लिहिलं व्हतं."

"मग चांगलं कामून लिहिलंस?"

ही परवानगीच समजून ते पत्र इथं देतो.

कलबुर्गी, सोमवार

तीर्थरूप नीलम्मा अक्का यांस,

शरणु शरणार्थी, तुमच्या पद्धतीनं नमस्कार.

आज सकाळी ऑफिसला नकार लिहून टाकला. कारण लिहायला जागा होती. तिथं लिहिलं, 'ही जागा रिकामी नाही.' खाली सही केली आणि सहीखाली माझी पदवी मुद्दाम ठळक लिहिली. पदवीचा हा पहिलाच उपयोग केला.

तुमच्यावर उपकार केला असं मानू नका. त्या खुर्चीत मी बसून पाहिलं आहे. मला ती अजून जमत नाही. मलप्पा काकांना विचारा.

पण आता तुमचंही ऐकणार नाही. तुम्ही म्हणता, मला काम येतं, कागद कशाला? अक्का, मलाही दोन भाषा येत होत्या, पोती मोजता येत होती, चार माणसांत बोलता येत होतं. तरी अकरा मार्कांसाठी तुम्ही मला तीन महिने समोर बसवलंत. तेव्हा नाही म्हणालात की दत्ता, तू हुशार आहेस, कागद राहू दे. म्हणालात, "दार त्यांचं हाय. आत शिरल्याबिगर भांडता येत न्हाई." मग आता तुम्ही बाहेरूनच का भांडताय?

वर्गात विशीतली मुलं आहेत. हसतील. मी नापास झालो तेव्हा गाव हसलं होतं, त्याहून जास्त नाही हसणार. माझ्या जुन्या घरमालकीणबाईंनी तुमच्यासाठी खोली ठेवली आहे. भाकरी ज्वारीचीच मिळेल, विचारून घेतलं आहे.

सोबत कोर्सचा फॉर्म पाठवतो. सगळा भरला आहे, फक्त सहीची जागा मोकळी आहे. शुक्रवार शेवटचा दिवस.

कुठं अडलंय, अक्का? सही करायला अडलं असेल, तर पेनही पाठवला आहे.

तुमचा,
दत्ता