टरबूज आणि तेलाची रिकामी कॅन

रोडग्यांच्या पार्टीला आमच्या घरात कोणी नाही म्हणत नाही. ऊन तापायच्या आत एखाद्या रविवारी हुडकेश्वरहून निघायचं, कन्हानच्या काठी गोवऱ्या पेटवायच्या, त्यावर कणकेचे गोळे भाजायचे आणि तुपात बुडवून वांग्याच्या भाजीसोबत हाणायचे. टरबूज नदीतच थंड करायचं, दुपट्ट्यात बांधून, टोक दगडाखाली दाबून.

बायको मात्र दरवर्षी एक जास्तीची वस्तू घ्यायची: तेलाची रिकामी कॅन, झाकण घट्ट लावलेली, मुठीला लांब दोर बांधलेला. ती घेऊन पाण्यापासून दहा हात दूर बसायची. "काय वं ताई, तेल विकाले आली काय नदीवर?" तिचा भाऊ विचारायचा आणि मी सगळ्यात मोठ्यानं हसायचो. हसणारच. कळमेश्वरकडच्या आमच्या गावी, विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेला मी पट्टीचा पोहणारा. हे मी लग्नात, बारशात, एकदा तर तेरवीतही सांगितलेलं आहे.

त्या वर्षी मी नऊ रोडगे खाल्ले. हात धुतो न धुतो तोच दुपट्ट्याची गाठ सुटली आणि टरबूज डुलत डुलत प्रवाहाला लागलं.

"भाऊजी, टरबूज चाललं!" साळा ओरडला. मी ताडकन उठलो.

"काहून जाऊन राहिले? जाऊ द्या ना ते," बायको म्हणाली.

"अवं, गुडघाभर तर पानी हाये."

गुडघाभरच होतं. पावसाळ्यात या नदीला आम्ही लांबूनच नमस्कार करतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर ती इतकी गरीब दिसते की भीती वाटतच नाही. रेती उपसून झालेले खड्डे त्याच पाण्याखाली असतात, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना मी सांगतही असे. टरबुजाला हात लागला, पायाखालची रेती सरकली आणि पुढचा पाय टेकलाच नाही.

पोटात नऊ रोडगे, अंगात फुलपँट. हात मारले, पण खड्ड्याच्या ज्या काठाला पाय लावावा तोच ढासळत होता. टरबुजाला मिठी मारली तर ते गर्रकन फिरून निसटलं. नाकातोंडात पाणी गेलं. मला मरणाची भीती वाटली, आणि त्याच्याही आधी लाज वाटली, हे कबूल करतो.

साळा शर्ट काढून धावला. बायकोनं त्याला हाताला धरून मागे ओढलं. "तू नको उतरू! एकाले काढाचं का दोघायले?" मग तिनं कॅन फेकली. ती अलीकडेच पडली. दोर ओढून पुन्हा फेकली, ती थेट माझ्या डोक्यावर. इतका सुखाचा मार मी आयुष्यात खाल्ला नव्हता. कॅन छातीशी धरली आणि दोघांनी मला काठावर ओढून घेतलं.

टरबूज खाली उथळात दगडाला अडकून बसलं होतं. तेही आणलं, कापलं, आणि खरं सांगतो, तसं गोड टरबूज पुन्हा मिळालं नाही.

"आता हे सांगा तेरवीत," साळा म्हणाला.

"कोनाच्या? माह्या?" मी विचारलं आणि सगळे ठसका लागेस्तोवर हसले.

हसता हसता बायको रडायला लागली. मग तिनं सांगितलं. ती लहान असताना, हा भाऊ पाळण्यात होता तेव्हा, तिच्या दोन मैत्रिणी नदीवर बुडाल्या होत्या. एक घसरली, दुसरी तिला काढायला उतरली. ही काठावर उभी होती आणि हातात फेकायला काहीच नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्या कॅनवर हसलो होतो, ती कशाला घेते हे एकदाही विचारलं नव्हतं.

आता कॅन गाडीत मी ठेवतो, तुपाच्या डब्याच्याही आधी. काठीनं तळ पाहतो, जेवल्यावर कोणाला उतरू देत नाही. "काय भाऊजी, तेलाचा धंदा कसा चालून राहिला?" साळा विचारतो. बरा चालला आहे.

यंदा बायको उठली, साडी वर खोचली, माझ्या हातातला दोर एकदा ओढून पाहिला आणि पाण्यात उतरली. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच.

"थंडं हाये हो," ती हसून म्हणाली आणि आणखी एक पाऊल टाकलं.

"बस, तिथंच!" मी ओरडलो. पाणी जेमतेम तिच्या घोट्याला लागत होतं.