शमीमखालाला कुणी सांगितलं नाही

शमीमखालावर अन्याय झाला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, ती झाडलोटीला जायची त्या सिल्लोडजवळच्या ब्रॉयलर शेडच्या दारात. सुपरवायझरनं मान टाकलेल्या दोन कोंबड्या तिच्या पिशवीत घातल्या. "घेऊन जा खाला, जित्या हायत तवर काप." आठवडाभरात खाला सरकारी दवाखान्यात वारली. निरोप आला तेव्हा मी चौकात शेडवरच्या मजुरांसाठीची पत्रकं वाटत होतो.

शेडांवरची रीतच आहे ही. मेलेल्या कोंबड्यांचा ढीग दिसला की गावात बोभाटा होतो, तपासणीची भाषा सुरू होते. म्हणून पेंगणारा पक्षी मरायच्या आत झाडलोटीच्या बायांना वाटून टाकायचा. वर उपकार केल्याचा आव.

खाला आमच्याच गल्लीतली, आईची मैत्रीण. माझं प्रत्येक पत्रक आधी तिला वाचून दाखवायचो. ती तांदूळ निवडत ऐकायची. "लई वरडतो बेटा तुझा कागद," म्हणायची. "मालकाला ऐकू जातंय का पण?" ... नाही गेलं, खाला.

कोंबड्या घरी आणल्या त्या दिवशी तिची लेक पाचोडहून माहेरी आली होती. रस्सा खालानं रटरटा उकळला. कांदा-काकडी मात्र कोंबडी कापली त्याच पाटावर चिरली, दोघींनी कच्ची खाल्ली. लेक तापातून उठली, आई नाही. रक्ततपासणीत साल्मोनेला निघाला. कोंबडीच्या आतड्यातला हा जंतू शिजवल्यावर मरतो, पाटावर जगतो. मी शेडवर गेलो तर सुपरवायझर म्हणतो, "पाट धुवायला काय झालतं म्हातारीला?"

म्हणजे दोष पाटाचा. कोंबड्यांना हगवण लागलीय हे यांना ठाऊक होतं. खालासोबतच्या बायांनीच मला सांगितलं. दाण्यात औषध कालवलं, नमुना कुठं पाठवला नाही, उरलेला माल गाडीत भरून शहराकडं लावून दिला. आणि धुवायचं कुणी, तर खालानं. बाई, ही आजारी हाय, एवढे चार शब्द यांच्या तोंडातून निघाले नाहीत.

त्या गाडीतलं तुमच्याही ताटात आलं असेल. तेव्हा हळहळ नको मला. येत्या रविवारी दुकानदाराला विचारा: ही कोंबडी कुठल्या शेडची, तिथल्या पक्ष्यांची तपासणी झाली का, झाली असेल तर कागद दाखव. तो हसेल. हसू द्या. कागद दिसेपर्यंत जागचे हलू नका, आणि रांगेतल्या मागच्यालाही विचारायला लावा.